इंदूरचा पगार, सायगावचा खर्च: नंबिओच्या तुलनेवर किती विसंबायचं?

व्हिएतनाममधल्या नोकरीचं पत्र आलं की घरातलं कुणीतरी नंबिओ हे शहराशहरांतला राहणीखर्च ताडून दाखवणारं संकेतस्थळ उघडतंच. एका खणात इंदूर, दुसऱ्या खणात हो ची मिन्ह सिटी, म्हणजेच सायगाव, चलन रुपये, आणि क्षणात उत्तर: इंदुरात अमुक रुपयांत जसं राहता, तसं तिथे राहायला तमुक रुपये लागतील. सुदामानगर असो की लोकमान्यनगर, हे एक वाक्य घरातली अर्धी चर्चा मिटवून टाकतं. गंमत अशी की हेच वाक्य या संकेतस्थळाचा सगळ्यात कच्चा भाग आहे. त्याच्याखाली किमतींची जी लांबलचक यादी असते, ती खरी कामाची. लोक वाक्य वाचतात आणि यादी सोडून देतात.

सेवा २००९ पासून चालू आहे, सर्बियातून चालते, वापरायला फुकट. बहुतेक किमती कुठल्या सरकारी खात्याकडून येत नाहीत. तिथे राहणारे किंवा राहून गेलेले लोक स्वतः भरतात आणि संकेतस्थळ त्यातले अगदीच वेडेवाकडे आकडे गाळून सरासरी काढतं. म्हणून कुठल्याही शहराचं पान उघडल्यावर आधी तळाशी जावं. गेल्या १२ महिन्यांत किती नोंदी आल्या, किती वेगवेगळ्या लोकांनी भरल्या आणि शेवटची भर कधी पडली, हे तिथे लिहिलेलं असतं. परदेशी लोकांची वर्दळ असलेल्या शहराला नोंदी भरपूर मिळतात. इंदूरसारख्या शहराच्या नोंदी त्या मानाने थोड्या आणि त्याही एकाच प्रकारच्या लोकांच्या. इंग्रजी संकेतस्थळावर बसून टोमॅटोचा भाव भरणारा माणूस सहसा विजयनगरकडच्या फ्लॅटमध्ये राहतो, मल्हारगंजातल्या वाड्यात नाही. दुसरी पाहायची जागा म्हणजे प्रत्येक किमतीशेजारचा ‘पासून-पर्यंत’चा रकाना. भाड्याच्या ओळीत खालचा आणि वरचा आकडा यांत दुपटी-तिपटीचं अंतर दिसलं, तर मधली सरासरी कुणाच्याच घराचं भाडं नसते.

आता टोपलीत काय आहे ते बघा. दूध, तांदूळ, अंडी, बटाटे, कांदे, टोमॅटो, केळी ठीक. त्यांच्याच रांगेत वाइनची बाटली, एक किलो चीज, बीफ राउंड, मार्लबोरोचं पाकीट, लिव्हाइसची जीन्स, शनिवार-रविवारी तासभर टेनिस कोर्टाचं भाडं आणि फोक्सवॅगन गोल्फ किंवा तिच्या तोडीची नवी गाडी. मध्य प्रदेशात गोवंशहत्येला कायद्याने बंदी आहे, तरी ती ओळ इंदूरच्या यादीत आहेच. तिथे कुणी कशाचा भाव भरत असेल ते तोच जाणे. आणि नाही काय? तूरडाळ नाही. गव्हाचं पीठ नाही, खाण्याचं तेल नाही, गॅस सिलिंडर नाही, भांडी-झाडूची बाई नाही. इंदूरच्या मराठी घराचा महिन्याचा खर्च ज्या पाच-सहा गोष्टींवर उभा असतो, त्यातल्या बऱ्याचशा या यादीबाहेर.

हा किरकोळ दोष नाही, कारण नेमक्या याच ओळींत दोन शहरांचा फरक आहे. व्हिएतनाम तांदळाचा देश. पीठ आणि डाळी मिळतात त्या मुख्यतः भारतीय किराणा दुकानांत, आयात केलेल्या आणि त्या दराने. दूध तिथे लिटरला साधारण ३२ ते ४० हजार डोंग (तिथलं चलन), म्हणजे शंभर रुपयांच्या वरच. इंदुरात सांचीची पिशवी साठ-सत्तर रुपयांत येते. दोन मुलं, सकाळचा चहा, रोजचं दही-ताक असलेल्या घरात दिवसाला दोन लिटर दूध लागतं. एवढ्या एका ओळीने महिन्याला दोन ते चार हजारांचा फरक पडतो. घरकामाची बाई तिथे तासावर मिळते, तासाला सुमारे ७० ते १०० हजार डोंग. रोज तासभर म्हटलं तर महिन्याला सात ते दहा हजार रुपये झाले. उलट पेट्रोल स्वस्त: २०२५ मध्ये लिटर साधारण २० हजार डोंगच्या आसपास होतं, म्हणजे सत्तरच्या आतबाहेर, तेव्हा इंदुरात १०६ च्या घरात. नंबिओ पेट्रोल आणि दूध दोन्ही धरतं, पण तुमच्या घरात रोज दोन लिटर दूध लागतं हे त्याला सांगायची सोय त्या झटपट वाक्यात नाही. ‘एस्टिमेटर’ नावाचं वेगळं पान आहे. तिथे कुटुंबातली माणसं, बाहेर खाण्याचं प्रमाण, गाडी आहे की नाही, असं भरून हिशेब काढता येतो. तुलनेच्या पानापेक्षा ते बरंच उजवं आहे आणि बहुतेकांना ते सापडतच नाही.

डोंगचा हिशेब डोक्यात करायचा तर मागची तीन शून्यं झाका, उरलेल्या आकड्याला तीनाने भागा आणि दहाने गुणा. ६०,००० डोंग म्हणजे साठ, भागिले तीन वीस, म्हणून दोनशे रुपये. दर हलतो, पण एका रुपयाला २९० ते ३०० डोंग धरून चालायला हरकत नाही. तिथे हजाराच्या जागी स्वल्पविराम नाही, टिंब घालतात आणि दुकानदार पाटीवर ‘३५के’ एवढंच लिहितो. ३५ आणि ३५,००० यांची गल्लत नोंदी भरणाऱ्यांकडूनही होऊ शकते. गाळणी बहुतेक पकडते, पण नोंदी थोड्या असलेल्या ओळीत एखादा दर विचित्र दिसला तर आधी हाच संशय घ्यावा.

घरभाड्याची गोष्ट वेगळीच. ते मोठं वाक्य दोन्ही शहरांत तुम्ही भाड्याने राहता असं गृहीत धरतं, आणि तसं त्यातच लिहिलेलंही असतं. इंदुरात वडिलांनी बांधलेल्या घरात राहणाऱ्याचं भाडं शून्य. तो तिकडे गेला की भाडं पहिल्यांदाच सुरू होतं, आणि नंबिओ मात्र त्याच्या इंदूरच्या खर्चात न दिलेलं भाडं मिळवून बसतं. त्यामुळे तिकडचा जाच आहे त्यापेक्षा हलका दिसतो. अशा माणसाने वाक्य विसरावं, ‘भाड्याविना खर्च’ हा आकडा घ्यावा आणि सायगावचं भाडं वेगळं, पूर्णच्या पूर्ण जोडावं. शहराच्या मध्यात आणि मध्याबाहेर अशा दोन ओळी असतात. हो ची मिन्ह सिटीत मध्य म्हणजे मुख्यतः पूर्वीचा डिस्ट्रिक्ट १ आणि ३. परदेशी कुटुंबं ज्या भागांत राहतात त्यांतले पुष्कळ भाग मध्याबाहेरच्या ओळीत यायला हवेत, पण भरणारे ते कशात धरतात याचा नेम नाही.

विजेच्या ओळीवर थोडं थांबायला हवं, कारण इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. नंबिओ ८५ चौरस मीटर घराचं वीज-पाणी-कचरा एकत्र देतं. त्या एका आकड्यात इंदूरचा माणूस आपलं बिल शोधतो, आणि त्याचं बिल वेगळ्याच गणिताने येतं. महिन्याचा वापर १५० युनिटपर्यंत राहिला तर मध्य प्रदेशच्या अटल गृहज्योती योजनेत पहिल्या १०० युनिटचे १०० रुपये. माळव्यातल्या रात्री गार, त्यामुळे मार्चअखेरीपर्यंत आणि पुन्हा पावसाळ्यानंतर वापर त्या मर्यादेत ठेवणं जमतं. सायगावला हिवाळा नाही. पारा वर्षभर २५ ते ३५ मध्ये, मे ते नोव्हेंबर पाऊस, आणि दमटपणामुळे रात्री एसी लागतोच. मे २०२५ मध्ये ठरलेले तिथले घरगुती दर असे: पहिल्या ५० युनिटला १,९८४ डोंग, पुढच्या ५० ला २,०५०, मग १०० ला २,३८०, त्यापुढच्या १०० ला २,९९८, मग १०० ला ३,३५०, आणि ४०० च्या वर ३,४६०. तीनशे युनिटचं बिल कर सोडून ७ लाख ३९ हजार डोंग होतं, म्हणजे साधारण अडीच हजार रुपये. इथवर ठीक. पण हे झालं मीटर घरमालकाच्या नावावर असून बिल जसंच्या तसं तुमच्याकडे आलं तर. बरेच घरमालक युनिटला सरसकट साडेतीन ते चार हजार डोंग लावतात. तेच तीनशे युनिट मग साडेदहा ते बारा लाख डोंगला पडतात, साडेतीन ते चार हजार रुपयांना. करारावर सही करण्याआधी ‘वीज सरकारी दराने की तुमच्या दराने’ हे विचारून कागदावर घ्यायचं. नंबिओच्या सरासरीत दोन्ही तऱ्हांचे भाडेकरू मिसळलेले असतात.

त्याच करारात दुसरी अट हवी ती पोलिसांकडच्या नोंदणीची. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने १२ तासांच्या आत स्थानिक पोलिसांकडे तात्पुरत्या निवासाची नोंद करायची असते. कर चुकवण्यासाठी काही मालक टाळाटाळ करतात, आणि मग तुमचं निवासपत्र अडतं. भाडं थोडं कमी म्हणून असं घर घेऊ नये.

शाळा. इथे नंबिओ नुसतं चुकत नाही, पार भलतीकडे नेतं. ‘आंतरराष्ट्रीय प्राथमिक शाळा, एका मुलाची वर्षाची फी’ अशी ओळ आहे. इंदुरात या ओळीत लोक सीबीएसईच्या खासगी शाळांची फी भरतात, कारण नावात ‘इंटरनॅशनल’ असलेल्या निम्म्या शाळा त्याच असतात. सायगावात तीच ओळ खऱ्याखुऱ्या परदेशी अभ्यासक्रमाच्या शाळांची, डॉलरमध्ये पाच आकडी. ओळ एकच, पण मोजलेल्या वस्तू दोन. बरं, तिथे मधला पर्यायही सहज मिळत नाही: व्हिएतनामी सरकारी शाळा उत्तम आहेत, पण शिकवणं व्हिएतनामीत. त्या किती उत्तम, तर पिसा नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ मध्ये व्हिएतनामच्या पंधरा वर्षांच्या मुलांना गणितात ४६९ गुण मिळाले; कितीतरी श्रीमंत देश त्यांच्या मागे आहेत. भारताकडून या चाचणीत २००९ च्या फेरीसाठी फक्त हिमाचल आणि तमिळनाडू उतरले होते. २०२५-२६ पासून तिथल्या सरकारी शाळांत बारावीपर्यंत फी नाही. या सगळ्याचा उपयोग तिथल्या मुलाला. इंदूरहून आठवीत गेलेल्या मुलाला नाही. नोकरीच्या पत्रात मुलांच्या फीचं कलम नसेल तर दोन मुलांचं कुटुंब घेऊन जाण्याचा विचार सोडलेला बरा. पगार इंदूरच्या दुप्पट असला तरी.

आता निर्देशांकांकडे. ‘जीवनमान निर्देशांक’ नावाचा जो एक आकडा दिसतो, त्याचं सूत्र नंबिओने लपवलेलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. शंभरात क्रयशक्तीचे अडीचाने भागून गुण मिळवायचे, सुरक्षिततेचे निम्मे, आरोग्यसेवेचे अडीचाने भागून, हवामानाचे तीनाने भागून. आणि त्यातून घराची किंमत भागिले उत्पन्न, राहणीखर्चाचा दहावा भाग, प्रवासाच्या वेळेचा निम्मा आणि प्रदूषणाचा दोन-तृतीयांश वजा करायचा. सूत्राकडे नीट बघा. प्रदूषणात दहा गुणांचा फरक पडला तर शहर सहा-सात गुणांनी हलतं. राहणीखर्चात दहाचा फरक पडला तर फक्त एकाने. न्यूयॉर्क शंभर धरून मोजलं की इंदूर आणि सायगाव दोन्ही तळाशीच, त्यांच्यातला खर्चाचा फरक या सूत्रात जवळजवळ विरघळून जातो. ज्या गोष्टीसाठी माणूस संकेतस्थळ उघडतो तिलाच सगळ्यात कमी वजन.

शिवाय सुरक्षितता, आरोग्य आणि प्रदूषण हे मुख्यतः लोकांच्या मतांवरून येतात: रात्री एकट्याने चालताना कसं वाटतं, दवाखान्यात थांबावं किती लागतं, पाण्याबद्दल समाधानी आहात का. इंदूरचा माणूस इंदूरच्या अपेक्षेने गुण देतो, सायगावचा सायगावच्या. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सतत अव्वल असल्याचा अभिमान, ओला-सुका वेगळा करून सहा कप्प्यांत घेऊन जाणारी कचरागाडी, देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प, हे सगळं त्या उत्तरात उतरणारच, आणि कचऱ्यापुरतं ते रास्तही आहे. पण नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तर किलोमीटर चढवून आणलं जातं आणि बऱ्याच वस्त्यांत दिवसाआड येतं, हे त्याच ‘समाधान’ नावाच्या खणात मावत नाही. आरोग्याचं तेच. एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत रांग लावणारा नंबिओवर मत नोंदवत नाही. क्रयशक्तीही तशीच: ती काढायला लागणारा सरासरी पगार भरणारेच सांगतात, म्हणून इंदूरचा ‘सरासरी’ पगार बराचसा सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांचा पगार असतो.

किमतींच्या यादीला पाचपैकी चार, निर्देशांकांना दीड. तो दीडसुद्धा सूत्र उघड ठेवल्याबद्दल.

देशाशी देश ताडून बघायचा असेल तर संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक जास्त भरवशाचा, कारण तो मतं विचारत नाही. आयुर्मान, शिक्षणाची वर्षं आणि दरडोई उत्पन्न, तिन्हींचा गुणोत्तर मध्य. २०२५ च्या अहवालात भारत ०.६८५ वर, १९३ देशांत १३० वा; व्हिएतनाम ०.७६६ वर, ९३ वा. आयुर्मान ७२ विरुद्ध ७४.६. मोठं अंतर आहे ते प्रौढांच्या शालेय शिक्षणात: आपल्याकडे सरासरी ६.९ वर्षं, तिथे ९. पण हा आकडा पदवी घेऊन निघालेल्या इंजिनिअरचं आयुष्य मोजत नाही. तो मोजतो त्याच्या इंदूरच्या घरी भांडी घासणाऱ्या मावशींचं आणि त्याच्या सायगावच्या इमारतीतल्या रखवालदाराचं. रस्त्यावर, कारखान्यात, बाजारात तो फरक जाणवतो, विशेषतः कामावरच्या बायकांच्या संख्येत: भारतात श्रमशक्तीतला स्त्रियांचा सहभाग २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के, व्हिएतनाममध्ये ६० च्या वर. देशाच्या सरासरीतही गोम आहेच. २०२३ चा बालमृत्युदर भारतात हजारी २५, मध्य प्रदेशात ३७. इंदूरला यातला कुठलाच आकडा बसत नाही.

हाती पडणाऱ्या पगाराचं. नंबिओ करानंतरचा पगार धरतं, तिथलं नोकरीचं पत्र बहुधा करापूर्वीचा आकडा देतं. वर्षात १८३ दिवसांपेक्षा कमी राहणं झालं तर व्हिएतनाममधल्या उत्पन्नावर सरसकट २० टक्के कर. त्यापुढे टप्प्याटप्प्याने ५ ते ३५.  एक वर्ष किंवा जास्त मुदतीच्या स्थानिक करारावर सामाजिक विम्याचे ८ आणि आरोग्य विम्याचे दीड टक्का कापले जातात, ठराविक कमाल पगारापर्यंत. कंपनीने भारतातूनच बदलीवर पाठवलं असेल तर सामाजिक विम्यातून सूट आहे. सामाजिक विम्याचा लाभ परतताना एकरकमी मागता येतो, आणि त्याचा अर्ज निघण्याआधीच टाकावा. आरोग्य विम्याचं कार्ड मात्र खरोखर कामाचं: नोंदवलेल्या रुग्णालयात साध्या तपासणीलाही सर्वसाधारणपणे ८० टक्के खर्च मिळतो. आपल्या आयुष्मानची ५ लाखांची हमी भरती झाल्यावरच. अडचण भाषेची. इंग्रजी बोलणाऱ्या खासगी दवाखान्यांत हे कार्ड फारसं चालत नाही.

वाहतुकीच्या ओळी दोन्ही शहरांत जुन्या पडायच्या बेतात आहेत, म्हणून तारीख बघूनच वाचाव्यात. सायगावची पहिली मेट्रो डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, १९.७ किलोमीटर, १४ स्थानकं, तिकीट ७ ते २० हजार डोंग, पास महिन्याला ३ लाख. इंदूरची मे २०२५ अखेर, सुपर कॉरिडॉरवर जेमतेम सहा किलोमीटर, पाच स्थानकं. बाकी सगळा कारभार दुचाकीचा, आणि तिथे एक पेच आहे जो कुठल्याच निर्देशांकात येत नाही: भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराचा, व्हिएतनाम मानतो तो १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा. भारतातून नेलेल्या परवान्यावर शंभर-सव्वाशे सीसीची गाडी चालवली आणि अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो. तिथला परवाना काढावा, किंवा ५० सीसीच्या आतली गाडी घ्यावी. आणि दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा शून्य आहे, एक बिअरसुद्धा नाही.

शाकाहाऱ्यांसाठी ‘स्वस्त उपाहारगृहातलं जेवण’ ही ओळ निरुपयोगी, कारण साध्या खानावळीत भाजीतही माशाचा रस, न्वॉक माम, असतो. पाटीवर ‘चाय’ लिहिलेलं बौद्ध शाकाहारी हॉटेल शोधायचं. भाताचं ताट ३० ते ४५ हजार डोंग, शे-दीडशे रुपये, आणि कडक पाळणाऱ्या ठिकाणी कांदा-लसूणही नाही. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे गर्दी असते, लवकर जावं. वीस-तीस रुपयांत पोहे-जिलेबी होईल अशी सकाळ मात्र त्या शहरात नाही.

इंदूरचं पान सुधारायचं असेल तर ते हातात आहे. नोंद भरायला पाच मिनिटं लागतात. शाळेची फी वर्षाची भरा, बसचा पास महिन्याचा, पगार कापाकापी होऊन खात्यात येतो तो. मंडईतला भाव आणि मॉलमधला भाव यांत जो तुम्ही खरोखर देता तोच लिहा, आणि जी वस्तू कधी घेतच नाही तिची ओळ रिकामी सोडा. वाइन आणि टेनिस कोर्टाचे अंदाजपंचे आकडे भरल्यानेच इंदूरची सरासरी बिघडते.